दोन जीप आणि एक इंजिन

निघायच्या दिवशी सकाळी बायकोनं जीपच्या मागच्या दाराला बोट लावलं. बोट आरपार गेलं.

"ही गाडी घाट चढणार?" तिनं विचारलं.

"चढेल."

"आणि उतरणार?"

"उतरायला काय लागतं?"

"ब्रेक," ती म्हणाली आणि आत गेली.

आमचं घर दापोली तालुक्यात, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. ह्याच जीपमधून मी आयुष्यभर वाडीतली माणसं, माशांच्या टोपल्या, गणपती आणि वऱ्हाडं वाहिली. पण खाऱ्या हवेनं गाडीच्या पत्र्याची पार चाळण करून टाकली होती. यंदा आरटीओत पासिंगला नेली, तर साहेबांनी एक चक्कर मारली आणि म्हणाले, "काका, पत्रा बदला, नाहीतर भंगारात द्या." पावसाआधी काय तो निकाल लावायचा होता. इंजिन माझं फर्स्टक्लास. आणि चेसी, म्हणजे ज्याच्यावर सगळी गाडी बसते तो लोखंडी सांगाडा, तो तर मी जिवापाड जपलेला. होडीच्या तळाला फासतात तसं दर मे महिन्यात खाली झोपून चेसीला डांबर फासायचो. सगळी वाडी हसायची. हसू दे, म्हणायचो.

दिवाळीत सोलापूरकडचं एक कुटुंब समुद्र बघायला आलं आणि आमच्या खानावळीत जेवलं. त्यातला बिरा नावाचा तिशीतला गडी जेवण सोडून जीपभोवतीच फिरत राहिला. "काका, आमच्या वस्तीवर अशीच उभी हाय की! इंजिन गेलंय, पर पत्रा बगा कसा, कोरा करकरीत!" मला वाटलं, पोरगं थापा मारतंय. मग त्यानं फोनवर फोटो दाखवले. तिथंच ठरलं. त्याच्या गाडीचा पत्रा माझ्या चेसीवर चढवायचा आणि जीप वाचवायची.

चिपळूणवरून कुंभार्ली घाट चढून वर आलो तेव्हा गाडी तापली होती आणि मीही. पाटण, कऱ्हाड, विटा करत पूर्वेला निघालो, तसा हवेतला ओलावा गळायला लागला. आटपाडीच्या पुढं ओठ फुटले. उसाचे मळे मागं राहिले, रान उघडं झालं. एका गावात गतिरोधकावर गाडी आपटली, खाली काहीतरी खडखडलं. मी लक्ष दिलं नाही. थोड्या वेळानं मोटारसायकलवर एक म्हातारबा फटफटत शेजारी आला. मांडीवर माझ्या गाडीची पायरी आडवी धरलेली.

"ओ पाव्हणं! तुमचं कायतरी पडलं की!"

"राहू द्या हो, तिचे दिवसच भरलेत."

"आसं कसं? गाडीचं हाय, गाडीसंगट जाऊ द्या," असं म्हणून त्यानं स्वतः उतरून ती मागच्या सीटवर ठेवली.

सांगोला मागं टाकून मंगळवेढ्याच्या अलीकडं डांबरी सोडली आणि बिराच्या वस्तीवर (रानात आपापल्या जमिनीत राहणाऱ्या घरांच्या पुंजक्यावर) पोचलो. आणि काय सांगू तुम्हाला, मी गाडीतून उतरायचंच विसरलो. आमच्याकडं माड, फोफळी, डोंगर ह्यांतून आभाळ तुकड्यातुकड्यानं दिसतं. इथं ते चारी बाजूंनी जमिनीला टेकलेलं. मधे एक लिंब (कडुनिंब), आणि लिंबाखाली ती जीप.

माझ्या जीपच्याच वयाची, तिच्याच कारखान्यातली. छप्पर नाही, उन्हानं रंग उडून राखाडी झालेली. मी जवळ गेलो, दारावर हात फिरवला. बोनेटच्या कडेखाली नख घातलं. बिजागऱ्या बघितल्या. जमिनीवर उताणा झोपून खालून बघितलं. गंज नाही! कितीतरी वर्षं उघड्यावर उभी असलेली गाडी, आणि स्क्रूच्या खाचासुद्धा शाबूत! आमच्याकडं रात्री बाहेर विसरलेला कोयता सकाळी तांबडा होतो. च्यायला, मला देवळात उभं राहिल्यासारखं झालं.

तेवढ्यात गाडीच्या आतून "ब्यँ" झालं. मागच्या बाजूनं पाच-सहा कोकरांची (मेंढ्यांच्या पिल्लांची) तोंडं वर आली.

"त्येंचा पाळणा हाय त्यो," मागून आवाज आला. बिराची आई होती, सगळे तिला आक्का म्हणत. काठी टेकत, दोन्ही गुडघे बाहेरच्या बाजूला वाकवत ती आली. "मोठी मेंढरं चरायला ग्येली की ही हितं ऱ्हात्यात. लांडगा येतो की हितं. गाडीत त्येची डाळ शिजत न्हाय."

जेवायला आक्कानं कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि माडगं (हुलग्याच्या पिठाची पातळ, गरम पेज) वाढलं. भाकरी पापडासारखी मोडत होती. मी विचारलं, आज केली का? आक्का हसली. "आजची? गेल्या आठवड्यातली हाय." मी घास तोंडाशी धरून बसलो. आमच्याकडं तळलेला पापड पानात वाढेपर्यंत मऊ होतो. इथल्या हवेत भाकरीलासुद्धा गंज चढत नाही, असं मी म्हटलं, तर बिरा पोट धरून हसला.

"तुमच्याकडं पाऊस पडतो, आमच्याकडं वस्तू टिकत्यात," तो म्हणाला. "सांगा, बदली करायची का?"

संध्याकाळी आक्का गाडीपाशी बसून कोकरांना पाजायला मेंढ्यांकडं सोडत होती. सहज बोलावं तसं तिनं सांगितलं. दरवर्षी उन्हाळ्यात मेंढरं घेऊन घरातली सगळी भीमेच्या काठाकडं चाऱ्याला जातात. जीप चालत होती तोवर लहान कोकरं, भांडी आणि आक्का तिच्यातून जायची. इंजिन बसलं तेव्हाच आक्काचे गुडघेही बसले. तेव्हापासून ती वस्तीवर एकटी राहते.

"जल्म झाला मेंढरामागं हिंडण्यात," ती म्हणाली. "आता मेंढरं जात्यात, मी वाटंकडं बगत बसती. आसू द्या. उभ्या गाडीचा काय उपेग? तुमी न्या. पळंल तरी."

मला माझी गाडी वाचवायची होती, आणि दुसऱ्याचं दुःख ऐकायला मी घाट चढून आलो नव्हतो. तरी त्या रात्री माडगं पोटात गरम असूनही मला नीट झोप लागली नाही.

सकाळी आक्कानं एकेक कोकरू उचलून डालग्याखाली (मोठ्या पालथ्या टोपलीखाली) ठेवलं आणि जीप रिकामी केली. बिरानं तिला कुठूनतरी मागून आणलेली चाकं बसवली. मग माझ्या जीपच्या मागं साखळीनं ती बांधली आणि आम्ही टोचन करून (ओढत) सोलापूरला निघालो. पुढं मी, मागं बिरा स्टिअरिंग धरून. ज्वारीची काढलेली रानं, काळी भेगाळलेली माती, लांब कुठंतरी मेंढरांचा एक पांढुरका पट्टा. मरणाला टेकलेली गाडी मेलेल्या गाडीला ओढत होती आणि रस्त्यानं जाणारी माणसं थांबून बघत होती. मला हसू येत होतं, आणि माझ्या इंजिनाचा अभिमानही वाटत होता. एकदाही ते कण्हलं नाही.

सोलापुरात शिरलो तेव्हा ऊन असं होतं की रस्ता हलताना दिसत होता. गॅरेजच्या ओळीत बिराच्या ओळखीचे बशीरचाचा होते, साठी उलटलेले. तिथं मी आणखी एकदा थक्क झालो. उघड्या पटांगणात ट्रकचे सांगाडे, बसचे दरवाजे, बोनेटांच्या उतरंडी, सगळं आभाळाखाली, आणि सगळं कोरडं खणखणीत. आमच्याकडं एका पावसात ह्या सगळ्याचा चिखल झाला असता. चाचांनी दोन्ही गाड्या बघितल्या आणि मला विचारलं, "कहाँ से लाए ये? समुंदर में से निकाले क्या?"

"पत्र्याचं राहू द्या चाचा. चेसी बघा माझी," मी छाती काढून म्हटलं.

चाचा खाली गेले. डांबराचा थर खरवडल्याचा आवाज आला. मग तो थांबला. "इधर आओ जरा," त्यांनी हाक मारली. मी शेजारी आडवा झालो. त्यांनी स्क्रूड्रायव्हर चेसीला टेकवला, नुसता टेकवला, आणि तो मुठीपर्यंत आत गेला. तांबडा भुगा माझ्या तोंडावर पडला. बाहेरून डांबराचं कवच चकचकीत, आणि आत पाणी कोंडून कोंडून सगळं लोखंड कुजलेलं. दरवर्षी मी बाहेरून झाकण लावत गेलो आणि आतल्या ओलीला बाहेर पडायला वाट ठेवली नाही.

"इसपे दूसरी गाडी खींच के लाए तुम?" चाचा माझ्याकडं बघतच राहिले. "बीच में टूटती तो? अल्ला ने बचाया."

मी भुगा पुसत बाहेर आलो आणि पटांगणात एका टायरवर बसलो. बिरानं पाणी आणून दिलं. तो माझ्याशेजारी टेकला आणि म्हणाला, "काका, मग आसं करा की. आमची अख्खीच न्या. चेसीसकट. तुमचं इंजिन तिच्यात बसवा आन् चालवत घरी जावा. कागदं मी करून देतो. शबूद दिलाय मी."

तो मनापासून म्हणत होता. आणि खरं सांगतो, मला आधी आनंदच झाला. अख्खी कोरी जीप! बायकोला दाखवायला मिळणार! मी उठून त्या गाडीपाशी गेलो, पुन्हा दारावर हात ठेवला. पत्रा उन्हानं तापला होता. मला आमची पडवी दिसली, समोरून येणारा वारा दिसला. इतकी वर्षं ह्या लोखंडाला काही झालं नाही, आणि मी त्याला नेऊन खाऱ्या वाऱ्यात उभं करणार. माझ्यानंतर कुणीतरी त्यातून बोट आरपार काढणार. आणि इकडं आक्का वाटेकडं बघत बसणार, एकटीच, आणि कोकरांचा पाळणाही मी घेऊन गेलेला असणार. मला ते जमेना. जीव होईना.

"बिरा," मी म्हटलं, "इंजिन काढ माझं. तुझ्या गाडीत बसव."

"आन् तुमी?"

"मी रेल्वेनं जातो. बघतोस काय मेल्या, चाचांना सांग, माझा विचार बदलायच्या आत."

चाचांनी दोन दिवस घेतले. माझं इंजिन साखळीवर लटकत वर आलं, तेव्हा मी तोंड फिरवलं. पण ते दुसऱ्या गाडीत उतरताना मात्र बघितलं. सगळे बोल्ट आपापल्या भोकात असे बसले की जणू त्यांची जागा राखून ठेवली होती. बिरानं मलाच सेल्फ मारायला लावला. पहिल्याच झटक्याला ते सुरू झालं. माझंच इंजिन, माझाच तो खर्जातला आवाज, आणि गाडी निराळी. अंगावर काटा आला माझ्या. चाचांनी दोन्ही हात वर केले आणि म्हणाले, "चल गई!" माझ्या जुन्या सांगाड्याला भंगारवाल्याच्या ट्रकवर चढवताना मी बोनेटवर एकदा थाप मारली. हात तांबडा झाला.

वस्तीवर गाडी शिरली तेव्हा आक्का उभी राहिली. काठी न घेता. बिरानं तिला उचलून पुढच्या सीटवर बसवलं आणि मागं कोकरं टाकली. ती समोर बघत होती. मग तिनं माझ्या मनगटाला धरलं. "पाव्हणं, माज्याकडनं काय जातंय तुमच्यासंगट?" मी म्हटलं, भाकरी द्या. तिनं फडकंभर कडक भाकरी बांधून दिली.

दुसऱ्या दिवशी त्याच जीपनं सगळे मला कुर्डुवाडीला सोडायला आले. मी मागं बसलो. एक कोकरू माझ्या मांडीवर चढलं आणि त्यानं माझी विजार भिजवली. स्टेशनबाहेर बिरानं वाकून नमस्कार केला, गाडी वळवली, आणि मी डोळे मिटून उभा राहिलो. लांब जाईपर्यंत तो आवाज ओळखता येत होता. रिक्षांच्या गर्दीत तो मिसळला तेव्हाच मी फलाटावर गेलो.

गाडी जेऊरवरून पुढं निघाली तेव्हा खिडकीतून तीच उघडी जमीन पळत होती. इतकी वर्षं मी देशावरच्या माणसांची कीव करत आलो. पाणी नाही, झाड नाही, काय ते जगणं, असं म्हणायचो. आता तोंड बंद. त्या उन्हात काय काय टिकतं, ते डोळ्यांनी बघून आलोय.

घरी पोचलो तेव्हा बायको अंगणात उभी होती. मी पायी येताना दिसलो, तरी ती माझ्यामागच्या वळणाकडंच बघत होती.

"गाडी कुठाय?"

"सोलापूरला. सांगाडा भंगारात गेला. इंजिन दुसऱ्या गाडीत आहे."

मला वाटलं, आता ऐकावं लागणार. ती पायरीवर बसली. मग तिनं विचारलं, "कोण बसतं तिच्यात?"

मी आक्काचं सांगितलं. गुडघे, मेंढरं, भीमेचा काठ, सगळं. हिनं पदरानं डोळे पुसले.

"पुढं बसवतात ना तिला?" ती म्हणाली. "मागं फार आदळतं."

"पुढंच बसते," मी म्हटलं, आणि वाटेत आवरून धरलेलं रडू मला तिथं, तिच्यासमोर, भर अंगणात फुटलं.