भुकेच्या शेजारचा शब्द

...तर पाचव्यांदा देवयानीनं विमलकाकूंना जेवणाबद्दलच विचारलं, तिथवर काल आपण आलो होतो. काकू राहायला कोलकात्याबाहेरच्या बजबजला, वय शहाऐंशी, पण कान तल्लख. त्या म्हणाल्या, "अगं, उपाशी आलीस की काय? आधी चहा खा बघू."

चहा खा! कोलकात्यात जन्म काढलेल्या मराठी माणसाच्या तोंडी चहा असाच येतो, बंगाली शेजाऱ्यांसारखा. देवयानीचं कामच ते. ती कोलकात्यातल्याच बालीगंजची, तिथंच कॉलेजात भाषा शिकवते, आणि गेली चार वर्षं इथल्या मराठी घरांतलं बोलणं फोनमध्ये रेकॉर्ड करून घेतेय. सगळं कॉम्प्युटरमध्ये घालायचं आणि बघायचं, कुठला शब्द कुणाच्या शेजारी बसतो. शब्दांच्याही सोयरिकी ठरलेल्या असतात हो! नवस बोलायचा, नवस फेडायचा. नवस भरला असं कुणी म्हणेल का? चहा खाणारी घरं निघाली एकतीस. ती पोट धरून हसली, पण नोंदवलं तसंच. सुधारायचं नाही, हा पहिला नियम. दुसरा त्याहून कडक. शब्दांची जोडी किमान दोन घरांतून यायला हवी, आणि माणसानं ती आपल्या मनानं बोललेली हवी. पढवलेली चालायची नाही.

घोडं अडलं ते तिच्याच आईपाशी. आई, शकुन, सहा वर्षांपूर्वी गेली. मागे राहिला फोनवरचा अकरा सेकंदांचा निरोप. एस्प्लनेडला मेट्रो खोळंबून देवयानीला उशीर झाला होता, त्या संध्याकाळचा. "तू ये सावकाश. मी भूक राखते." म्हणजे तू आल्याशिवाय मी जेवत नाही.

कॉम्प्युटरनं भुकेचे शेजारी ओळीनं मांडले. लागली, भागली, मेली, खवळली. 'राखते' मात्र एकदाच. एकाच घरचं, म्हणून यादीबाहेर. त्रेचाळीस घरं पालथी घातली, कुणी म्हणेना. उरल्या विमलकाकू, आईच्याच गावच्या, त्याच वर्षी लग्न होऊन इकडे आलेल्या. म्हणून तर देवयानी जेवणाभोवती घिरट्या घालत होती.

"काका मिलमधून उशिरा यायचे, तेव्हा तुम्ही काय करायचात?"

"करणार काय? जेवून घ्यायची! ते मिलच्या दारात मासे हाणून यायचे. मिशांनाच वास यायचा!"

देवयानी हसली. मग फोन बंद करून पर्स आवरायला लागली. काकूंनी तिचा उतरलेला चेहरा पाहिला आणि खोदून खोदून विचारलं. शेवटी तिनं सगळं सांगून टाकलं.

"हात्तिच्या!" काकूंनी कपाळावर हात मारला. "एवढंच ना? लाव तो फोन. एकदा सोडून दहादा म्हणते. शकुनचं बोलणं राहील तुझ्या यादीत. आणि बजबजला कोण बसलंय विचारायला?"

फोन हातातच होता. बोट बटणापर्यंत गेलंसुद्धा. काकू तर पदर सावरून, फोटो काढून घ्यायला बसावं तशा ताठ बसल्या.

देवयानीनं फोन पर्समध्ये टाकला आणि ती म्हणाली, "नको काकू, यादीचं नुसतं निमित्त होतं. मला उशीर झाला की 'भूक राखते' असं कुणीतरी मला आपल्या मनानं म्हणावं, एवढंच हवं होतं."