मी बदललेला निकाल

मुलांना लोकशाही शिकवणाऱ्या माझ्याच हातून एका निवडणुकीचा निकाल बदलला गेला. नव्हे, तो मी बदलला. वीस वर्षे ही गोष्ट मी कोणालाही, घरीसुद्धा, सांगितली नाही.

कर्नाटकातल्या निपाणीजवळच्या आमच्या मराठी शाळेत दरवर्षी विद्यार्थ्यांचे मंत्रिमंडळ निवडले जाते. त्या वर्षी मुख्यमंत्रिपदासाठी एक मुलगी आणि एक मुलगा उभे होते. मोजणी मी एकट्याने केली. मुलगी अकरा मतांनी निवडून आली होती. पण पुढच्या आठवड्यात चिक्कोडीहून शिक्षण खात्याचे अधिकारी येणार होते, आणि त्यांचे स्वागत मुख्यमंत्र्याने कन्नडमधून करण्याचा शिरस्ता होता. तिचे कन्नड अडखळत असे. मुलाचे अस्खलित होते. चारचौघांत शाळेची शोभा होऊ नये म्हणून मी मुलाचे नाव जाहीर केले आणि चिठ्ठ्या दुपारच्या जेवणाच्या चुलीत घातल्या.

ती माझ्यामागे धावत आली. “सर, आमच्या वर्गातल्या सगळ्या पोरींनी मलाच मत दिलंय की!”

“तोंडावर सगळेच हो म्हणतात, बाळ.”

निकालापेक्षाही ते वाक्य वाईट होते. पुढे वर्षभर ती मैत्रिणींपासून दूर, एकटी जेवायला बसे. मी ते रोज पाहत होतो.

गेल्या जूनमध्ये, वीस वर्षांनी, ती शाळेत आली. तिच्या आठवीतल्या मुलीने मुख्यमंत्रिपदासाठी नाव दिले होते. मी त्या मुलीच्याच वर्गावर तास घेत होतो; ती वर्गाच्या दारातच थांबली.

“हिचं नाव काढा, सर. ह्या पोरी तोंडावर गोड बोलत्यात, अन् चिठ्ठीवर दुसऱ्याचं नाव लिवत्यात.”

“न्हाय गं आई, लई जणी माझ्याकडं हाईत!”

“मलाबी तसंच वाटलं व्हतं.”

“काकू, आम्ही तसल्या न्हाय!” मागच्या बाकावरून एक मुलगी ओरडली. “चहा पाजला तर मत पक्कं!”

वर्ग हसला. ती हसली नाही.

माझ्या खोटेपणामुळे तिने मैत्रिणींना इतकी वर्षे खोटे मानले होते, आणि आता तोच अविश्वास ती लेकीच्या पदरात घालत होती. तिला बाहेर नेऊन हळूच सांगता आले असते. पण निकाल मी साऱ्या शाळेसमोर जाहीर केला होता.

“तुझ्या मैत्रिणींनी तुलाच मते दिली होती,” मी म्हणालो. “तू अकरा मतांनी निवडून आली होतीस. चिठ्ठ्या मी जाळल्या. खोटे मी बोललो, त्या नाही. मला क्षमा कर.”