मंगलच्या नावाचा शिंपला

मंगलकडे माझं लक्ष पहिल्यांदा गेलं ते कमलनगरजवळच्या एका नव्या विहिरीवर. सहावीचा वर्ग घेऊन गेलो होतो. विहिरीतून निघालेल्या ढिगाऱ्यात दगड झालेले शिंपले होते. पोरं ते लांब फेकायच्या पैजा लावत होती. मंगल उकिडवी बसून दोन शिंपले एकमेकांवर बसवून बघत होती.

"जमंना सर, दोन्ही डावेच हैत."

तिची आई चांगुणाबाई तिथंच कामाला होत्या. हसून म्हणाल्या, "चपला घालताना कळंना हिला डावं-उजवं."

पुढे मंगलनं कलबुर्गीला भूशास्त्रात एम.एस्सी. केलं. आपल्याकडे काळ्या खडकाच्या दोन थरांमध्ये एका जुन्या तळ्याचा गाळ दबला आहे. त्यातल्या शिंपल्यांवर ती काम करू लागली. एका शिंपल्याची दोन झाकणं जिथं जुळतात त्या बिजागरीचे दात माहीत असलेल्या कुठल्याच जातीशी जुळेनात. बिजागरी शाबूत असलेला नमुना एकच होता, चांगुणाबाईंनी कामावरून पदरात बांधून आणलेला. या नव्या जातीला आईचं नाव द्यायचं, असं मंगलनं ठरवलं.

मन्नाएखेळ्ळीचा महेशकुमार तिचा वर्गमित्र, मंगलच्या घरी कैकदा जेवलेला. तो विद्यापीठात लागला होता आणि तिथं कॅमेरा चांगला होता. फोटो काढायला मंगलनं नमुना त्याच्या हाती दिला. ठरवलेलं नावही विश्वासानं सांगितलं.

काही महिन्यांनी बातमी आली, की नव्या शिंपल्याला मंगलचं नाव मिळालं. आम्ही शाळेत तिचा सत्कार ठेवला. शाल घेताना ती कुणाकडे बघेना. नंतर ऑफिसात तिनं मला समजावून सांगितलं. या शास्त्रात जातीला स्वतःचं नाव कुणी देत नाही. त्यामुळे ज्याचं नाव जातीला असतं त्यानं ती ओळखलेली नाही, हे जाणकाराला लगेच कळतं. लेख एकट्या महेशकुमारचा होता. शेवटी नमुना पुरवल्याबद्दल मंगलचे आभार मानले होते. आणि एकदा रीतसर छापलेलं नाव मागाहून कुणाला आपल्या मर्जीनं बदलता येत नाही.

तिनं माझ्यासमोरच त्याला फोन लावला, आवाज मोठा ठेवून.

"मंगल, पेढे कुठं हैत?"

"आईचं ठिवायचं होतं. तुला ठाऊक होतं."

"अगं, तू ठिवली असतीस तर तुझं लागलं असतं का? मी ठिवलो म्हणून लागलं."

"आमच्या घरी जेवलास तू, महेश."

"म्हणूनच तर तुझं ठिवलो."

तिनं फोन बंद केला. चांगुणाबाई दारात येऊन उभ्या होत्या.

"रडायलीस कामून? तुझंच नाव हाय की."

त्यांचं नाव लागणार होतं, हे मंगलनं त्यांना सांगितलं नव्हतं. तेव्हाही सांगितलं नाही.

मंगल आता बिदरच्या एका कॉलेजात शिकवते. जातीच्या नावापुढे ते ठेवणाऱ्याचं नाव लिहायची पद्धत आहे. हा शिंपला शिकवताना ती फळ्यावर आपल्या नावापुढे महेशकुमारचं नाव लिहिते.