फेम्केच्या सायकलची सीट

नमस्कार मंडळी. इथले अनुभव मी बरेच दिवस वाचतेय, आणि खरं सांगू का, निम्म्या वेळा हसत. लग्नाआधी पुण्यात मी ज्युनियर कॉलेजला फिजिक्सची प्रॅक्टिकल्स घ्यायचे. पोरांनी शेजाऱ्याचं रीडिंग ढापलं की मला दुरून कळायचं. भूतखेत, दृष्ट, संकेत... असलं काही मी घरात चालू दिलं नाही. त्यामुळे हे लिहायला माझी मलाच लाज वाटतेय.

२००५ साल. मिलिंदच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, नोकरीमुळे आम्ही नेदरलँड्समध्ये आइंडहोवनजवळच्या बेस्ट या गावात राहत होतो. एकाला एक चिकटलेली विटांची घरं, पुढे चिमूटभर बाग, मागे सायकली ठेवायची शेड. मला नोकरी नव्हती, डच येत नव्हतं, आणि पुण्याची असून सायकलही येत नव्हती. मिलिंद हे सगळ्यांना आवर्जून सांगायचा.

शेजारी टिनेके राहायची. घटस्फोट झालेला, गावातल्या डॉक्टरांकडे रिसेप्शनवर काम, बोलणं तुकडा तोडल्यासारखं. तिची एकुलती एक मुलगी फेम्के, वीस वर्षांची. ती सहा फूट, मी जेमतेम पाच. मला सायकल शिकवली ती या पोरीने. कॅरिअर धरून मागे पळायची आणि ओरडायची, "वैशाली, खाली नको बघू, पुढे बघ!" डच लोक व चा फ करतात, त्यामुळे मी तिच्या तोंडी कायम 'फैशाली'.

सप्टेंबरात ती पाठीवर सॅक टाकून आशियात निघाली. एकटी. आधी थायलंड, लाओस, मग नेपाळमध्ये एका डोंगरातल्या शाळेत काही महिने फुकट शिकवायचं. मी टिनेकेला म्हटलं, "अगं, एकटी कशी पाठवतेस?" ती म्हणाली, "मी कुठे पाठवतेय? ती चाललीय." पण कॉफीचा कप तिने तीनदा उचलून तसाच खाली ठेवला.

निघायच्या दिवशी मी फेम्केच्या हातावर दही-साखर ठेवली. श्रद्धा वगैरे नाही हो, आईचं बघून अंगवळणी पडलेलं. फेम्केने तळहात चाटूनपुसून साफ केला आणि सायकलची किल्ली माझ्या हातात दिली. "मी येईपर्यंत तुझी. वापर, नाहीतर गंजेल." मग दोन्ही घरं दारात उभी राहून हात हलवत राहिली, ती कोपऱ्यावर वळेपर्यंत. तशी इथली पद्धतच आहे.

सायकल तिच्या उंचीची. सीटखालच्या दांडीवर तिने आपल्या मापाची खूण म्हणून लाल टेप गुंडाळली होती. मिलिंदने पान्याने नट सैल केला, सीट पार खाली बसवली, नट कचकचून आवळला. मी दुकानात जाऊन आले. दुसऱ्या दिवशी सकाळी शेड उघडली तर सीट वर. बरोब्बर लाल टेपपाशी.

मिलिंदवर चिडले. तो म्हणाला, "अगं, मला पाना कुठे ठेवलाय तेही आठवत नाहीये!" पुन्हा खाली केली. सकाळी पुन्हा वर. टिनेकेला विचारलं, तर ती माझ्याकडे बघतच राहिली. "मी कशाला करू? तू चालवतेस याचा मला आनंद आहे." शेवटी सायकल घरात आणली, जिन्याखाली कोटांच्या खुंट्यांपाशी. सीट खाली करून नटावर आणि सायकलच्या फ्रेमवर मिळून नेलपॉलिशचा जाड थर दिला. नट जरा जरी फिरला तरी तडा जाणार. सकाळी थर अखंड होता. चकचकीत. आणि सीट वर.

मला भीती नाही वाटली, राग आला. आयुष्यभर शिकवलेलं कुणीतरी माझ्याच घरात खोडून टाकलं होतं.

फेम्केचे ईमेल येत होते. टिनेके प्रिंट काढून आणायची आणि मला मोडक्या इंग्रजीत वाचून दाखवायची. नेपाळहून तिने लिहिलं होतं, 'इथे गावात आले तेव्हा दही-तांदूळ कपाळाला लावले. मी त्यांना सांगितलं, माझी शेजारीण हातावर देते आणि ते खाता येतं.' आम्ही दोघी हसलो होतो. सीटचं मात्र मी टिनेकेला पुन्हा काही बोलले नाही. रोज सकाळी खाली करायची, चालवायची... सवय झाली होती म्हणा ना.

मग शाळेला दिवाळीची सुट्टी लागली आणि फेम्के डोंगरात एकटीच चालायला गेली. एका लॉजमधून सकाळी निघाली, पुढच्या लॉजवर पोचलीच नाही.

फेम्केचे वडील काठमांडूला गेले. लोकांनी शोधलं, नदीकाठ पालथा घातला. मिलिंद ऑफिसातून ओळखीपाळखीच्या लोकांना फोन लावत राहिला. मी काय करणार? मी टिनेकेला वरण-भात नेऊन देत होते, आणि ती तो न खाता डबा धुऊन परत करत होती. तीन आठवड्यांनी फेम्केचे वडील शाळेत ठेवलेली तिची दुसरी बॅग घेऊन परत आले. पोरगी नाही.

एका सकाळी टिनेके डबा द्यायला आली आणि जिन्याखाली तिला सायकल दिसली. "चालवत नाहीस?" तिने विचारलं. "सीट तर तिच्या उंचीवर आहे." मला खोटं बोलता येईना. सगळं सांगितलं. वाटलं, आता ही मला हाकलून देईल. ती म्हणाली, "आत्ता खाली कर. माझ्यासमोर."

केली. तिने स्वतः नट आवळला. दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता घरातल्या कपड्यांवरच दारात हजर. सीट वर होती. टिनेकेने दोन्ही हात सीटवर ठेवले आणि ती पहिल्यांदा रडली. मी पण रडले. मिलिंद दात घासता घासता वरच्या पायरीवर तसाच उभा राहिला.

त्यानंतर रोज सकाळी यायची. बघायची, मान हलवायची, मीच सीट खाली करायची, मग ती कामाला जायची. तिकडे शोध थांबला होता, आणि इकडे ही बाई पुन्हा जेवायला लागली होती. मिलिंद मला म्हणाला, "वैशाली, हे बरं नाही चाललेलं." मी म्हटलं, "मग तू सांग तिला." त्याने नाही सांगितलं.

डिसेंबरात एकदा मी नेहमीसारखा पाना हातात घेतला, तर टिनेकेने माझं मनगट धरलं. "नको," ती म्हणाली. "आता खाली करू नकोस. कधीच."

"का गं?"

"एखाद्या सकाळी ती वर आली नाही तर मी काय करू?"

मी पाना ड्रॉवरमध्ये ठेवला, आणि पुढच्या आठवड्यात माझ्या मापाची जुनी सायकल घेतली.

नेलपॉलिशचं काय, नट न फिरता सीट कशी सरकली, मला आजही सांगता येत नाही. मिलिंदकडेही उत्तर नाही, आणि तो इंजिनिअर आहे. फेम्के सापडलेली नाही. तिच्याबद्दल कसलीच बातमी नाही, चांगली नाही की वाईट नाही.

आम्ही आता दुसऱ्या घरात राहतो. टिनेकेने सायकल माझ्याकडेच ठेवायला सांगितली. येते तेव्हा कोट खुंटीला लावता लावता तिची नजर आधी त्या लाल टेपवर जाते, मग माझ्याकडे. मी मान हलवते. खरं तर एकदा सीट खाली करायची आणि सकाळपर्यंत थांबायचं, इतका साधा प्रयोग आहे. विद्यार्थ्याने असा अर्धवट सोडला असता तर मी त्याला नापास केलं असतं.

पाना इथेही ड्रॉवरमध्येच आहे. मी तो उघडत नाही.