लाल खुणेनंतरचा प्रश्न

माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षातलं ते प्रकरण अजून मनातून जात नाही.

आगाशीजवळच्या एका वाडीत संध्याकाळी पेंढ्याची खोप जळाली. आत झोपलेला गडी भाजला, पण बचावला. खोपीच्या मालकानेच खबर दिली, "साहेब, शेजारच्या वाडीतल्या म्हाताऱ्याशी बांधावरून आमचा वाद आहे. तोच म्हातारा तिथून पळताना दिसला."

शेजारच्या वाडीतल्या त्या ख्रिस्ती काकांना आम्ही ठाण्यात आणलं. पहिल्याच प्रश्नाला ते म्हणाले, "दोष माझाच. घरवालीलाही सांगून आलो."

घरवाली वारून वर्ष झालं होतं.

काकांच्या वकिलांच्या अर्जावर न्यायालयाने मानसिक तपासणीचा आदेश दिला. ज्या सरकारी रुग्णालयात त्यांना तपासलं, तिथे मुलाखतींची ध्वनिमुद्रणं कृत्रिम बुद्धिमत्तेकडून तपासण्याचा प्रयोग चालू होता. पत्नीशी बोलण्याच्या प्रत्येक उल्लेखावर त्या यंत्रणेने लाल खूण केली: भास होत असण्याची दाट शक्यता. तसं ठरलं तर काका मनोरुग्णालयात जाणार होते. नाही ठरलं तर मुद्दाम आग लावल्याचा खटला होताच.

तिथल्या डॉक्टरबाईंनी अहवालावर सही न करता मला बोलावलं. "साहेब, तुमच्या भागात लोक गेलेल्या माणसांशी असं बोलतात का?"

"कबरीवर मेणबत्ती लावून घरातलं सगळं सांगतात," मी म्हणालो. मग सांगितलं, "माझी पत्नी अलीकडेच गेली. मीही बोलतो. माझ्यावरही लाल खूण येईल."

त्यांनी काकांना माझ्यासमोरच विचारलं, "काकी उत्तर काय देतात?"

"मेलेलं माणूस बोलतं का कुठं, बाय? डॉक्टर ना तू?"

"मग दोष कसला सांगितलात?"

"तिच्या नावानं बांधावरच्या क्रुसापुढं मेणबत्ती लावली. वाऱ्यानं बाजूच्या खोपीचा पेंढा पेटला. हाका मारल्या, माणसं आणायला धावलो."

"हे ठाण्यात का नाही सांगितलं?"

"फादरपुढं पाप कबूल करताना कारणं देतं का कोणी? पोलिसाला कशी देऊ?"

क्रुसापाशी वितळलेलं मेण सापडलं. गडी बोलण्याइतका बरा झाल्यावर म्हणाला, "म्हाताऱ्याच्या हाकेनंच जाग आली, नायतर मेलोच होतो."

भास नाहीत, दुःख आहे, असा अहवाल बाईंनी दिला. हेतूचं कलम गळलं, निष्काळजीपणाचं राहिलं. काका जामिनावर घरी गेले.

त्या यंत्रावर माझा राग नाही. त्याने बोट ठेवलं म्हणून तर बाईंनी पुढे विचारलं. आता तिथे लाल खूण दिसली की अहवालाआधी गावच्या माणसाशी बोलतात, असं त्यांच्याकडून कळलं. बरं वाटलं. काकांनी काही लपवलं नव्हतं. त्यांच्या कबुलीनंतर 'नेमकं झालं काय?' एवढंच कोणीतरी विचारायचं राहिलं होतं.