मालतीमावशींची लवंगांची डबी

अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, लंडनच्या हॅरोमधल्या मराठी दातांचं सर्वोच्च न्यायालय गेल्या महिन्यात कायमचं बंद झालं. न्यायमूर्ती मालतीमावशी, वय एक्क्याऐंशी, दुपारच्या चहानंतर बसल्या खुर्चीतच गेल्या. आईचा फोन आला तेव्हा मी सर्जरीत, म्हणजे माझ्या दवाखान्यात, दोन पेशंटांच्या मधे हात धूत होतो. "मालती गेली रे," एवढंच ती म्हणाली. मला रडू आलं... आणि खरं सांगतो, रडू येण्याआधी क्षणभर वाटलं, आता तरी लोक माझं ऐकतील.

मी डेंटिस्ट. आईच्या या जिवलग मैत्रिणीचं घर माझ्या सर्जरीपासून चालत चार मिनिटांवर. माझ्या खुर्चीतून उठलेला मराठी पेशंट थेट त्यांच्या सोफ्यावर जाऊन बसायचा, अपील करायला. मावशी पितळेची डबी उघडायच्या, तळहातावर एक लवंग ठेवायच्या आणि निकाल द्यायच्या. दात साफ करून घेतले की हलायला लागतात. हिरड्यांतून रक्त आलं की ब्रश बंद. दुधाचे दात पडणारच आहेत, मग भरायचे कशाला? मी घसा कोरडा करून सांगायचो की रक्त बहुतेक वेळा मळ साचल्यामुळे येतं, तिथेच हळुवार ब्रश फिरवायला हवा. लोक मान डोलवायचे आणि दारातून वळून विचारायचे, "एकदा मावशींना विचारून घेऊ ना?"

पण माझा खरा जळफळाट व्हायचा तो त्यांच्या दातांवरून. त्या वयात गुळाची चिक्की कडाकड फोडायच्या, तीही माझ्याकडे बघत. मला आयुष्यात एकच हवं होतं, मावशींनी एकदा माझ्या खुर्चीत बसून 'आ' करावा. एकदाच. मग सगळं हॅरो माझं! दर दिवाळीला मी आमंत्रण द्यायचो आणि दर दिवाळीला त्या म्हणायच्या, "माझ्या दातांना डॉक्टर लागत नाही रे."

तीन वर्षांपूर्वी आईची वरची दाढ किडली, गाल सुजला. त्याच सुमारास तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, आणि मावशींच्या कायद्यात कलम होतं: वरची दाढ काढली की नजर जाते. मी प्लास्टिकचा जबडा घेऊन आईच्या स्वयंपाकघरात बसलो. दाढेची नस कुठे, डोळ्याची कुठे, सगळं दाखवलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तू शिकलायस, कबूल. पण दात मालतीचे चांगले आहेत." शेवटी नाक मुठीत धरून मीच मावशींकडे गेलो. त्यांनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं, कोट चढवला आणि आईला घेऊन सर्जरीत आल्या. तिचा हात धरून मला म्हणाल्या, "काढ तू. डोळ्यांचं मी बघते." दाढ निघाली. घरी गेल्यावर मावशींनी आईच्या कपाळावर गुलाबपाण्याची घडी ठेवली. दुसऱ्या दिवशी आईने रस्त्यापलीकडच्या बसचा नंबर वाचला आणि मराठी मंडळात बातमी पसरली... मालतीने नजर वाचवली. दाढ कोणी काढली, हे कुणी विचारलंसुद्धा नाही.

तेराव्याला त्यांच्या घरी सगळे जमलो होतो. तासाभरावरच्या ब्रॅकनेल गावाहून आलेल्या त्यांच्या मुलीने ती पितळेची डबी आठवण म्हणून आईच्या हातात ठेवली. झाकण घट्ट होतं, म्हणून आईने ती माझ्याकडे दिली. वर लवंगा. लवंगांची तबकडी उचलली, तर खाली दातांच्या फटींत फिरवायचे बारीक ब्रश, स्वच्छ धुतलेले, आणि ब्रॅकनेलच्या एका डेंटिस्टची अपॉइंटमेंट कार्डं. दर सहा महिन्यांची, कितीतरी वर्षांची. सगळ्यात वरचं पुढच्या महिन्याचं.

"दादा, आई माझ्याकडे यायची ना, ते चेकअपसाठीच," मुलगी हळूच म्हणाली. "तुला अजिबात सांगायचं नाही म्हणायची. 'त्याला कळलं तर माझी लवंग कोण घेणार?'"

फोटोतल्या मावशी सगळे दात दाखवून हसत होत्या. आणि त्या दातांकडे बघत, भरल्या घरात, मी मोठ्याने बोलून गेलो, "अहो मावशी, ब्रॅकनेलला कशाला... मी चार मिनिटांवर होतो."