काही न घडलेले भाग

चॅनेलमध्ये त्याला सगळे कात्रीकाका म्हणत, आणि चक्क तोंडावर म्हणत. त्यालाही ते आवडायचं. परदेशातून कार्टून मालिका यायच्या, एकेक भाग चोवीस मिनिटांचा. जाहिरातींना जागा हवी, म्हणून तो वीस मिनिटांत बसवायचा. ही चार मिनिटं कुठून काढायची हे ज्याला कळतं तो एडिटर, बाकीचे नुसते बटणं दाबणारे, असं तो छाती पुढे काढून सांगायचा. मारामारीला हात लावायचा नाही, खुनाच्या रहस्याला तर नाहीच. काढायचं काय, तर कुणी जिना चढतंय, कुणी भांडी विसळतंय, कुणी खिडकीशी नुसतंच उभं आहे. "त्यात घडतंय काय?" हा त्याचा ठरलेला प्रश्न. घडत नसेल तर उडवा. तीस वर्षं त्याने हेच केलं, आणि इतक्या सफाईने केलं की जोड कुणाच्या बापाला दिसला नाही.

मग आली ती छत्र्यांची मालिका. जपानी ॲनिमे, पण ना तलवार ना राक्षस. एक विधवा सून, एक ठार बहिरा सासरा आणि दोघांचं छत्र्या दुरुस्त करायचं दुकान. संपली गोष्ट! गिऱ्हाईक येतं, छत्री टाकतं, जातं. कात्रीकाकाने कपाळावर हात मारला. "साहेब, यातून चार मिनिटं काढायची की चार मिनिटं ठेवायची?" त्याने विचारलं आणि अख्खी खोली हसली. सासरा वाकलेली काडी सरळ करतोय, सून ओल्या छत्र्या वाळत घालतेय, असलं सगळं त्याने सपासप उडवलं. उरले ते संवाद, आणि तेही बेताचेच. मालिका सपशेल आपटली, सहाव्या आठवड्यात बंद झाली. "मी सांगितलं नव्हतं?" म्हणत तो आठवडाभर मिरवला.

त्याच वर्षी त्याची बायको गेली. ना आजार, ना अपघात. दुपारी जरा पडते म्हणाली ती उठलीच नाही.

त्यानंतर त्याच्यावर जे बेतलं ते त्याने कुणापाशी काढलं नाही, कारण लाज वाटत होती. बायकोचा चेहरा आठवेना. फोटोतला आठवायचा, तो काय, भिंतीवर टांगलेलाच होता. पण सामानाच्या पिशव्या खाली टाकून दमून बसल्यावरचा, चष्मा शोधताना वैतागलेला, त्याच्यावर खेकसतानाचा, तो घरातला चेहरा काही केल्या डोळ्यांपुढे येईना. आठ महिने झाले, रोज थोडा थोडा पुसट होत चालला होता. बत्तीस वर्षं एका छताखाली काढली आणि तुला एवढंही जमू नये, मेल्या, असं तो दाढी करताना आरशातल्या स्वतःला ऐकवायचा.

लेक रजा काढून महिनाभर राहायला आली. एका रविवारी सकाळी ती लॅपटॉप उघडून बसली होती. त्याने डोकावून बघितलं.

"ही तीच ना, छत्रीवाली?"

"तीच. पण अख्खी. तुमचा हात न लागलेली."

टोमणा बरोबर जागी बसला. तरी त्याने विचारलंच, "काय घडलं आत्तापर्यंत?"

"काही नाही."

"मग बघतेस काय डोंबल?"

"बाबा, तुमच्या त्या खुनाच्या मालिकांत मला पुढचं कळायची घाई असते. कळलं की संपलं, परत ढुंकून बघावंसं वाटत नाही. इथे घाईच नाही. मी आपली त्यांच्या दुकानात जाऊन बसते, आणि कुणी ऊठ म्हणत नाही. आई गेल्यापासून मला दुसरीकडे कुठे बसवतच नाही."

तो शेजारी टेकला. सून छत्र्या वाळत घालत होती. चांगली अडीच मिनिटं. एक छत्री मिटेना, तिने ती गुडघ्यांत धरली, ओढली, स्वतःशीच हसली, परत ओढली. सासऱ्याने मागून विचारलं, भूक लागली का गं? हे कात्रीकाकानेच उडवलं होतं. अरे, मग ठेवलं होतं काय? ज्या मालिकांना त्याने जिवापाड जपलं होतं त्यांतला एकही खुनी त्याला आज आठवत नव्हता. ही बाई मात्र उद्या रस्त्यात भेटली असती तर त्याने तिला लांबूनच ओळखलं असतं.

आणि तो ताडकन उठला. घरात कॅमेरा होता की! वर्षानुवर्षं त्याने घरच्यांचं शूटिंग केलं होतं. कपाटातून त्याने अकरा डिस्क काढल्या, एकेकीवर त्याच्याच अक्षरात नाव. "ये, तुला आई दाखवतो," तो म्हणाला, आणि पहिली डिस्क लावली.

वाढदिवस. मेणबत्त्या, फुंकर, टाळ्या. नव्या घराची किल्ली. लेकीला मिळालेलं बक्षीस. सहल, धबधबा, सगळे ओळीत उभे. बायको सगळीकडे होती. केस नीट, मान जराशी तिरकी, कॅमेऱ्याकडे बघून हसणारी. थेट भिंतीवरच्या फोटोसारखी. एखादं दृश्य कुठे रेंगाळेल तर शपथ! काय सुरेख काम केलं होतं गड्याने.

तिसऱ्या डिस्कनंतर लेक म्हणाली, "बाबा, यात आई नाहीये. यात नुसते कार्यक्रम आहेत. मूळ टेप कुठे आहेत?"

त्यांच्या धंद्याची एक शिस्त होती. काम पसंत झालं की मूळ टेप पुसायची आणि तिच्यावर पुढचं घ्यायचं. ऑफिसात टेपांची ओढाताण असायची म्हणून. घरात कसली ओढाताण होती? पण हाताला वळण पडलेलं.

"पुसल्या," तो म्हणाला.

"सगळ्या?"

"सगळ्या. मीच."

लेक ओरडली नाही. ओरडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. ती म्हणाली, "निदान सांगा तरी. काय काय कापलंत?"

हे मात्र त्याला येत होतं. "सहलीच्या टेपवर सुरुवातीला तीन मिनिटं वीस सेकंद होती. कॅमेरा चुकून चालू राहिलेला. तुझी आई कपड्यांच्या घड्या करून बॅग भरत होती. मध्येच म्हणाली, अहो, तुमचा मफलर घेऊ का?"

"मग?"

"मी म्हटलं, नको. मग ती मोजे शोधायला लागली. एक सापडला, दुसरा सापडेना. आपली बडबडतेय एकटीच. तिथे कापलं."

लेकीने त्याचा हात घट्ट धरला. "कशी दिसत होती हो, बडबडताना?"

त्याने डोळे मिटले.

"माहीत नाही गं," तो म्हणाला. "पडद्याच्या कोपऱ्यात मिनिटं-सेकंद पळत असतात ना, मी तिकडे बघत होतो."